माळ, रान आणि माळरान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माळरान म्हणजे नेमकं काय?

उंचावरची, सपाट किंवा हलक्या चढउताराची, गवताची मोकळी जमीन. झाडं असतात, पण विरळ: इथं एक बोर, तिथं एक हिवर, मध्येच खैर. माती पातळ, खाली मुरूम, त्याखाली खडक. उभं राहिलं की चारी बाजूंना क्षितिज दिसतं आणि वाऱ्याला अडवणारं काही नसतं.

ही जमीन अशी का झाली याचं उत्तर दख्खनच्या खडकात आहे. बेसॉल्ट झिजून माती होते, पण उंचावर ती टिकत नाही. पावसाचं पाणी तिला खाली ओढून नेतं, म्हणून ओढ्या-नद्यांच्या काठी खोल काळी जमीन साठते आणि वर हलकं मुरमाड रान उरतं. शेतकरी काळं रान आणि माळाचं रान असा भेद करतो तो याच कारणानं. शब्दाचा अर्थ कोशात शोधण्याआधी पायाखाली बघावा, असं मला या शब्दाबाबत नेहमी वाटत आलं आहे.

‘माळ’ हा शब्द आला कुठून?

संस्कृतात ‘माल’ असा शब्द आहे आणि त्याचा अर्थ उंच जमीन, शेत. त्याची सगळ्यात सुंदर साक्ष मेघदूतात मिळते. यक्ष मेघाला वाट सांगताना म्हणतो, ‘सद्यःसीरोत्कषणसुरभि क्षेत्रमारुह्य मालम्’. नुकत्याच फिरलेल्या नांगरानं जिच्या मातीचा वास सुटला आहे अशा माल जमिनीवर चढ आणि मग पुढे जा. टीकाकार मल्लिनाथ या शब्दाशी थांबतो आणि ‘मालमुन्नतभूतलम्’ हे कोशवचन देतो. माल म्हणजे उंचावलेला भूभाग.

इथून मराठीपर्यंतची वाट सरळ आहे. संस्कृतात दोन स्वरांच्या मध्ये एकटा ‘ल’ असला की मराठीत त्याचा बहुधा ‘ळ’ होतो. फल–फळ, मूल–मूळ, काल–काळ, तसंच माल–माळ. उलट जोड-ल असेल तर तो ‘ल’च राहतो, फुल्ल या शब्दाचं फूल झालं, फूळ झालं नाही. म्हणजे माळातला ‘ळ’ हा या शब्दाच्या वयाचा पुरावाच आहे.

‘माल’ संस्कृतात तरी कुठून आला, असं कोणी पुढे विचारतं. तमिळमध्ये डोंगराला ‘मलै’ म्हणतात, कन्नडमध्ये ‘मले’. कर्नाटकातल्या डोंगराळ भागाचं मलेनाडू हे नाव त्यातूनच आलं. उंच जमिनीचा हा शब्द द्राविड कुळातून संस्कृतात शिरला असावा, असं भाषा-अभ्यासकांनी सुचवलं आहे. महाराष्ट्राची भूमी दोन्ही भाषाकुळांच्या सीमेवरची, तेव्हा ही सूचना मला पटते.

आपण ‘माळावर’ का म्हणतो आणि ‘रानात’ का?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात. मला तो सगळ्यात आवडतो.

गुरं माळावर गेली. पोरं माळावर खेळतात. ‘माळात’ असं सहसा कोणी म्हणत नाही. उलट आपण रानात जातो, शिवारात जातो, मळ्यात जातो. ‘वर’ हा शब्द सडा, पठार, डोंगर यांना लागतो. तोच माळाला लागतो. बोलणाऱ्याच्या मनात माळ ही चढून जायची जागा आहे. कालिदासाच्या ओळीतलं ‘आरुह्य’ आणि आपलं ‘माळावर’ यांत दीड हजार वर्षांचं अंतर आहे, पण चढ तोच आहे. गावाशेजारचा माळ प्रत्यक्षात दहा-वीस फूटच उंच असेल, तरी भाषेनं ती उंची सोडलेली नाही.

माळरानाचं मात्र दोन्ही चालतं, माळरानावर आणि माळरानात, कारण शब्दाच्या शेवटी रान आहे.

फुलांची माळ, माळी, मळा हे सगळे एकाच घरातले का?

नाहीत. फुलांची माळ संस्कृत ‘माला’वरून आली आणि माळी म्हणजे मुळात हार गुंफणारा, फुलं पिकवणारा. उंच जमिनीच्या माळाशी त्याचं नातं नाही. म्हणूनच माळवाडी असं गावाचं नाव दिसलं की लगेच माळावरची वाडी असा अर्थ लावू नये. ती माळी लोकांची वस्तीही असू शकते. तिथल्या जुन्या माणसांना विचारावं.

मळा आणि माळ यांची जोडी तर गमतीची आहे. उच्चारात एका मात्रेचा फरक, अर्थ पार उलटे. मळा म्हणजे विहीर, पाट, भाजीपाला, ओल. माळ म्हणजे कोरड, गवत, वारा. बाहेरून मराठी शिकणाऱ्यांचा इथं हमखास गोंधळ होतो.

रान म्हणजे जंगलच ना?

शहरात वाढलेल्यांना तसं वाटतं. पण पश्चिम महाराष्ट्रात किंवा मराठवाड्यात एखाद्या घरी जाऊन ‘दादा कुठं आहेत?’ असं विचारलं आणि उत्तर आलं की ‘रानात गेल्यात’, तर दादा शेतात गेलेले असतात. ‘आमचं दोन एकर रान आहे’ म्हणजे दोन एकर शेतजमीन.

शब्द ‘अरण्य’चा आहे. प्राकृतात त्याचं ‘रण्ण’ झालं आणि मराठीत रान. सुरुवातीचा ‘अ’ गळणं हे इतकं ठळक होतं की बाराव्या शतकातला वैयाकरण हेमचंद्र यानं त्यासाठी स्वतंत्र सूत्र दिलं: अलाबू आणि अरण्य या दोन शब्दांतला पहिला ‘अ’ विकल्पानं जातो.

आता अरण्याचा मूळ अर्थ. तो दाट झाडी असा नव्हता. ‘अरण’ म्हणजे परका, दूरचा. अरण्य म्हणजे गावापलीकडची जमीन. वैदिक वाङ्मयात जोडी सतत येते ती ग्राम्य आणि आरण्य अशी, गावातलं आणि गावाबाहेरचं. झाडं किती आहेत हा प्रश्न तिथं नाही, घर किती लांब आहे हा आहे. आज आजोबा घरातून उठून ‘रानात जातो’ म्हणतात तेव्हा त्यांच्या तोंडी अरण्याचा तो जुना अर्थ जसाच्या तसा जिवंत असतो. प्रमाण भाषेनं रानाला जंगल करून टाकलं. गावानं मूळ अर्थ जपला.

मग ‘जंगल’ तरी दाट झाडीचा शब्द आहे का?

तोही नाही. माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, म्हणून इथं जरा सविस्तर लिहितो.

संस्कृतात ‘जाङ्गल’ हे भूमीच्या एका प्रकाराचं नाव आहे. आयुर्वेद देशाचे प्रकार सांगतो: जांगल, आनूप आणि दोन्हींच्या मधला साधारण. आनूप म्हणजे पाणथळ, दाट, दमट. जांगल म्हणजे त्याच्या नेमकं उलट. अष्टांगहृदयात एका ओळीत भेद सांगितला आहे, ‘जाङ्गलं वातभूयिष्ठम् अनूपं तु कफोल्बणम्’. जांगल देशात वात जास्त, अनूपात कफ.

चरकसंहितेतलं वर्णन वाचताना तर आपण सोलापूर किंवा माणच्या एखाद्या माळावर उभे आहोत असं वाटतं. जांगल देश कसा, तर ‘पर्याकाशभूयिष्ठ’, म्हणजे चहूकडे आकाशच आकाश असलेला. खैर, बोर, शमी अशी झाडं. वाऱ्यानं डोलणाऱ्या कोवळ्या फांद्या. खरखरीत वाळू आणि खडे, त्यावर पसरलेलं मृगजळ. जमिनीवर फिरणारे लावे आणि तित्तिर. मोकळ्या जागेसाठी पर्याकाशभूयिष्ठ याहून सुंदर विशेषण मी कुठल्याही भाषेत वाचलेलं नाही.

आणि हा देश वाईट मानलेला नाही, उलट राहण्याजोगा मानलेला आहे. मनुस्मृती राजाला सांगते की जांगल, धान्यानं समृद्ध अशा देशात वस्ती करावी. काळवीट जिथं आपसूक चरतं तो देश यज्ञाला योग्य, असंही तीच सांगते. काळवीट हा दाट झाडीतला प्राणी नाही. त्याला लांबवर दिसावं लागतं, धावायला जागा लागते. म्हणजे पुरातन दृष्टीनं उत्तम भूमीची खूण कोणती, तर गवताळ मोकळं रान.

मग अर्थ फिरला कसा? पुढच्या भाषांत जंगल म्हणजे नुसती न कसलेली जमीन, तिच्यावर झुडपं असोत की झाडं, असा सैल अर्थ रूढ होत गेला. इंग्रजीत हा शब्द शिरला तेव्हाची एक नोंद बोलकी आहे. १७७६ साली ईस्ट इंडिया कंपनीतल्या हॅलहेडनं हिंदू कायद्याचा इंग्रजी ग्रंथ छापला, त्यात पाच वर्षं पडून राहिलेल्या जमिनीला जंगल म्हटलेलं आहे. ती झाडीची नव्हे, पडीकपणाची व्याख्या होती. पुढे पडीक जमिनीवर वाढलेली झुडपं, मग घनदाट झाडी, मग वेली, दलदल, वाघ असा अर्थ इंग्रजीत फुगत गेला आणि तो फुगलेला अर्थ शाळेच्या पुस्तकांतून आपल्याकडे परत आला. आज जंगल म्हटलं की मुलं हिरवा गर्द रंग उचलतात. चरकानं पिवळा उचलला असता.

कच्छचं रण आणि आपलं रान एकच का?

दिसायला सारखे, पण रणाचं मूळ बहुधा ‘इरिण’ या शब्दात आहे, म्हणजे खारवट, नापीक जमीन. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक ग्रंथात त्या भागातल्या आखाताला ‘एरिनॉन’ म्हटलं आहे, त्यातही हाच शब्द ऐकू येतो. युद्धाचं रण हे तिसरंच.

मैदान आणि माळ यांत फरक काय?

मैदान माणसानं वापरासाठी मोकळं ठेवलेलं असतं, माळ आपोआप मोकळा असतो. मैदान हा शब्द फारसी-अरबीतून आला आणि जिथं गेला तिथं लोकांच्या जमण्याशी जोडला गेला. इस्फहानच्या सतराव्या शतकातल्या भव्य मैदानात पोलोचे दगडी खांब अजून उभे आहेत. युक्रेनच्या राजधानीतला चौकही मैदानच म्हणवतो, आणि मुंबईत १९४२च्या ऑगस्टमध्ये ‘चले जाव’ची हाक उठली तीही गवालिया टँकच्या मैदानावर. कोल्हापूर भागात तर मैदान म्हणजे जागा नव्हेच, कुस्त्यांचा सोहळा: ‘रविवारी मैदान आहे.’ म्हणून मैदान मारता येतं, गाजवता येतं, सोडून पळता येतं. माळाचं यातलं काहीच करता येत नाही. माळावर फक्त असता येतं, चालता येतं, चारता येतं.

सडा, पठार, गायरान, कुरण हे माळरानाचेच प्रकार का?

शेजारी आहेत, समानार्थी नाहीत. सडा हा कोकणातला शब्द, जांभ्या दगडाचा सपाट माथा. पावसात त्यावर रानफुलांचा गालिचा आणि पाण्याची डबकी, उन्हाळ्यात नुसता तापलेला कातळ. पठार हा भूगोलाचा शब्द, आकार मोठा. कासचं पठार सगळ्यांना ठाऊक आहे. गायरान आणि कुरण मात्र जमिनीच्या रूपाची नव्हे, हक्काची नावं आहेत. गायरान म्हणजे गावाच्या गुरांसाठी राखलेलं सामाईक रान. कुरण म्हणजे गवतासाठी राखलेली जमीन, जिथं चराई किंवा कापणी ठरवून होते. एखादा माळ गायरान असू शकतो, पण प्रत्येक गायरान माळ असेलच असं नाही.

माळरानाला पडीक म्हणणं बरोबर आहे का?

नाही.

मात्र ‘पडीक’ या शब्दालाही न्याय द्यायला हवा. तो मुळात शिवी नव्हता. शेतकरी जमीन पड टाकतो म्हणजे तिला एखादं वर्ष विसावा देतो. पडलेली जमीन म्हणजे विश्रांती घेणारी जमीन. महसुलाच्या दप्तरात जिरायत, बागायत, पोटखराबा असे रकाने झाले, शेतसारा कशावर बसतो आणि कशावर बसत नाही एवढंच पाहिलं गेलं, आणि जिथं नांगर चालत नाही ते सगळं एका ओळीत पडीक ठरलं. दप्तरापुरतं ते ठीक होतं. पण हळूहळू रकान्याचा शब्द जमिनीचा स्वभाव सांगणारा शब्द होऊन बसला: पडीक, मग ओसाड, मग उजाड, मग ‘काहीच नाही तिथं’.

काहीच नाही कसं? मारवेल, पवन्या, कुसळी ही गवतं आहेत. त्यांवर मेंढरं जगतात आणि मेंढरांवर धनगरांचे वाडे. पावसाळ्यानंतर हेच कळप काळ्या रानात उतरतात, रात्री वाघर (जाळीचं कुंपण) लावून शेतात मेंढरं बसवली जातात आणि लेंडीखतानं ते शेत पोसलं जातं. म्हणजे माळावरचं गवत शेवटी ज्वारीच्या कणसात जातं. चिंकारा, लांडगा, खोकड, ससा, चंडोल, माळटिटवी हे सगळे इथलेच रहिवासी. एवढा संसार ज्या जागेवर चालतो तिला रिकामी म्हणताना जीभ अडखळायला हवी.

माळ उन्हाळ्यात पाहून त्याच्याबद्दल मत बनवलं जातं, हीसुद्धा एक अडचण आहे. आषाढात तो कोवळा हिरवा असतो, भाद्रपदात रानफुलांनी भरलेला, कार्तिकात सोनेरी. चैत्रात तो झोपलेला असतो, मेलेला नसतो. गवताचा जीव मुळाशी असतो.

माळरान म्हणजे झाडं तोडून झालेली जागा, असं शिकवलं जातं. खरं आहे का?

काही ठिकाणी तसं झालं असेल, पण सगळ्याच माळरानांबद्दल ते खरं नाही. दख्खनच्या पर्जन्यछायेत पाऊस कमी आणि माती उथळ. तिथं विरळ झाडांचं गवताळ रान हीच निसर्गाची नैसर्गिक घडी आहे. संशोधकांनी अलीकडे तेराव्या शतकापासूनच्या मराठी वाङ्मयातले आणि लोकपरंपरेतले वनस्पतींचे उल्लेख गोळा करून पाहिले, तर त्यांत मोकळ्या, उन्हाच्या रानात वाढणाऱ्या झाडाझुडपांची संख्या मोठी निघाली. म्हणजे सात-साडेसातशे वर्षांपूर्वीही हा प्रदेश मोकळाच होता. चरकातला जांगल देश आठवला तर हे वय आणखी मागे जातं.

म्हणूनच माळावर चर खणून सरसकट झाडं लावण्याला माझा विरोध आहे. हेतू चांगला असतो, हे मी जाणतो. पण ग्लिरिसिडियासारख्या परदेशी झाडांच्या रांगा उभ्या राहिल्या की सावलीत गवत मरतं आणि गवतासोबत त्यावरचे सगळे जातात. झाड लावायला जागा शोधताना ‘इथं काही नाही’ असं वाटलं तर एक पावसाळा तिथं येऊन बघावं.

माळढोकाच्या नावातला माळ हाच का?

हो. ढोक, ढोकरी ही लांब मानेच्या, लांब पायांच्या पाणपक्ष्यांची नावं. तशाच बांध्याचा, पण पाण्याऐवजी माळावर राहणारा, तो माळढोक. नाव देणाऱ्यानं एका शब्दात पक्ष्याचं रूपही सांगितलं आणि घरही. माळटिटवीचं तसंच: टिटवी, पण पाण्यापासून दूर, कोरड्या माळावरची, चोचीच्या मुळाशी पिवळी कातडी असलेली.

माळढोकाचं वजन पंधरा किलोपर्यंत जातं, उडणाऱ्या पक्ष्यांत तो जगातल्या सर्वांत जड पक्ष्यांपैकी एक. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. सोलापूर-नगर भागात १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य जाहीर झालं तेव्हा त्याचं क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. त्यात गावंच्या गावं आणि शेतं आली होती, लोकांची अडचण खरी होती, आणि पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. आज देशभरात हे पक्षी दोनशेहूनही कमी उरले आहेत. शब्द राहील आणि पक्षी जाईल, ही भीती मला खरोखर वाटते.

‘माळ’ पुल्लिंगी की स्त्रीलिंगी?

जमिनीचा तो माळ, फुलांची ती माळ. विभक्तीत फरक लगेच दिसतो: माळावर गेलो, माळेत ओवलं. माळरान नपुंसकलिंगी आणि जोडून एक शब्द.

या शब्दांचे वाक्प्रचार कोणते?

रानोमाळ हिंडणं हा सगळ्यांत जुळून आलेला. त्यात दोन्ही शब्द शेजारी शेजारी उभे आहेत. मोकळं रान मिळणं म्हणजे अडवणारं कोणी नसणं. रान उठवणं, रान पेटवणं यांत शिकारीची हाकाटी आणि वणवा आहे. जिवाचं रान करणं मात्र मला सगळ्यांत खोल वाटतं. दुसऱ्यासाठी झटताना माणूस स्वतःचा आडोसा, सावली सगळं सोडून देतो, जीव उघड्यावर टाकतो. ज्यानं हा वाक्प्रचार पहिल्यांदा उच्चारला त्यानं भर उन्हातलं रान पाहिलेलं असणार.

माळरान पाहायला कुठं आणि कधी जावं?

पुणे जिल्ह्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, अवघं पाच चौरस किलोमीटरच्या आसपास, चिंकाऱ्यांसाठी राखलेलं. अहिल्यानगर (नगर) जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी काळविटांचं. सोलापूरजवळ नान्नज, माळढोक अभयारण्यातलं. पावसाळा संपता संपता जावं, गवत गुडघ्याला लागत असताना, आणि दिवस उगवायच्या आधी पोचावं. कुसळं कपड्यांत घुसतात, तेव्हा जाड विजार घाला. उन्हाळ्यात गेलात तर गाडीवाट सोडू नका: माळटिटवी उघड्या मुरमावरच अंडी घालते, ती खड्यांसारखीच दिसतात, आणि डोक्यावर घिरट्या घालत ती ओरडू लागली तर समजा की पाय चुकीच्या जागी पडतोय. आल्या वाटेनं मागे फिरा.